भिजवलेला शाळू

वर्षाराणीच्या पोटातली गाठ काढायची होती, आणि अंगातलं रक्त वाढल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. गोळ्या चालू होत्या, पण रक्ताचा आकडा काही जागचा हलेना. दुखणं बायकोचं, पण मनावर घेतलं उदयसिंहांनी. आणि उदयसिंहांनी एखादी गोष्ट मनावर घेतली, की कळंब्यातली त्यांची अख्खी गल्ली सावध व्हायची.

आजवर स्वयंपाकघरात ते 'झालं का?' एवढं विचारायलाच जात. आता मोबाईल घेऊन गेले. मोबाईलचं म्हणणं असं, की ज्वारी (म्हणजे घरातला शाळू), गहू, डाळी, सगळ्यांत फायटिक आम्ल नावाचा एक पदार्थ असतो. तो अन्नातलं लोह धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. धान्य भिजवून पाणी फेकलं, की त्याचा जोर कमी होतो.

"बघ, चोर घरातच निघाला! शाळूच्या डब्यात बसलाय. तुझं लोह हितंच अडतंय."

"अवो, कडधान्य भिजवत्यात. दळायचा शाळू कोण भिजवतंय?"

"तुला काय कळतंय? शास्त्र हाय हे."

शास्त्र म्हटल्यावर वर्षाराणी गप्प बसली. (लग्न झाल्यापासून ती अशीच गप्प बसत आली होती. तेव्हा कारणं वेगळी असत, एवढंच.) उदयसिंहांनी डबाभर शाळू पातेल्यात ओतला, रात्रभर भिजवला आणि सकाळी ते पाणी चोराला हाकलावं तसं मोरीत ओतलं. मग शाळू गच्चीवर पसरला. आभाळ भरून आलेलं, ऊन नावाला. दुपारी वरचे दाणे कोरडे दिसले, तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. डबा स्कूटरवर घालून ते गिरणीत गेले.

गिरणीवाल्या जोतीरामनं डब्यात नाक घातलं. "दादा, ह्यो ओला हाय."

"ओला न्हाय, शुद्ध केलाय. घाल तू."

दादा माणूस पडला मोठ्या आवाजाचा. जोतीरामनं घातला. दोन ओंजळी जाईतोवर गिरणीनं एक विचित्र आवाज काढला, पट्टा किंचाळला, जळका वास सुटला आणि कापडी तोंडातून पिठाऐवजी लापशी बाहेर आली. मग तीही थांबली.

"दादा, गिरण हाय ही, मिक्सर न्हवं! आता दगडं उतरून खरवडायला लागत्यात की!"

मागं गव्हाचा डबा घेऊन बयाबाई उभी होती. "बायकूला रक्त न्हाय म्हनून आमचं आटवतासा व्हय?" असं तिनं विचारलं, आणि रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

उदयसिंह आंबूस लगद्याचा डबा घेऊन घरी आले. वाईट वाटलं त्यांना, खरंच वाटलं. म्हणून येताना अर्धा किलो मटण आणलं.

वर्षाराणीनं मसाला वाटला. मध्येच चक्कर आली म्हणून ओट्याला धरून थोडी उभी राहिली, मग रस्सा केला. भाकरीला पीठच नव्हतं, भात लावला. उदयसिंहांना वाढलं. त्यांनी आणखी मागितलं, आणखी वाढलं. मग पातेलं पुढ्यात ओढून ती स्वतः जेवायला बसली.

जेवता जेवता उदयसिंहांना मोबाईलमधलं पुढचं आठवलं. "आनि बरं का वर्षा, मटणातल्या लोहाला ह्यो चोर फारसा अडवू शकत न्हाय. सरळ रक्तात जातंय."

वर्षाराणी पळीनं पातेल्याचा तळ खरवडत होती. वर आला तो नुसता रस्सा.

"माझ्यापत्तोर यायच्या आधीच अडतंय की," ती म्हणाली.

"कुठं?"

"तुमच्या ताटात."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर उदयसिंहांना सोपं गेलं असतं, ते चढ्या आवाजात काहीतरी बोलले असते. त्यांनी खाली पाहिलं. ताटाच्या कडेला हाडांचा ढीग होता. असा ढीग दर रविवारी तिथंच असायचा, आणि तो उचलून टाकायचं काम तिच्याकडं असायचं.

भातात बोटं घालून त्यांनी इकडंतिकडं चाचपलं, हाडाची एक मोठी नळी सापडली. ती त्यांनी मोठ्या मनानं उचलून बायकोच्या ताटात ठेवली.

"घे. तू खा."

वर्षाराणीनं नळी उचलून उजेडाकडं धरली. आरपार दिसत होतं. ती मघाशीच चोखून झाली होती.