चौदाव्या भागातली सवत

शुक्रवारी दुपारी लाराईने चुलीवरचा तुवो, म्हणजे पिठाचा घट्ट गोळा, घोटता घोटता कादंबरीचा चौदावा भाग वाचून काढला. शेवटी लेखिकेने वाचकांना एक प्रश्न विचारला होता. कथेतल्या कापडाच्या व्यापाऱ्याने घरात दुसरी बायको आणावी की नाही? त्याला सगळ्यांच्या आधी उत्तर दिलं ते लाराईने. तिने लिहिलं, "आणावीच. दिवसभर फोनमध्ये तोंड घालून बसणाऱ्या बाईला सवतच सरळ करील."

त्या व्हॉट्सॲप गटाचं नाव होतं 'काळजाचे ठोके'. उत्तर नायजेरियातल्या कानो, झारिया, कात्सिना इथल्या दोनशेच्या वर बायका त्यात होत्या. दर शुक्रवारी नमाजानंतर 'चांदणी' नाव घेतलेली लेखिका एक भाग टाकायची आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत बायका त्यावर भांडायच्या. चांदणीला कुणी पाहिलेलं नव्हतं. लाराईच्या मताला मात्र तिथे वजन होतं. संध्याकाळपर्यंत एकशेशहाऐंशी बायकांनी सवतीच्या बाजूने कौल दिला. विरोधात फक्त नऊ.

भांडी घासून झाल्यावर लाराईने तो भाग पुन्हा, जरा सावकाश वाचला. कथेतली बायको नवऱ्याची चाहूल लागली की फोन पिठाच्या डब्यात खुपसायची. तिच्या निळ्या किटलीची मूठ तुटली होती आणि तिला जुन्या ओढणीची चिंधी बांधलेली होती. नवरा घरात शिरण्याआधी दोनदा खोकायचा. लाराईने आपल्या किटलीकडे पाहिलं. चिंधी तिनेच बांधली होती. तेवढ्यात दाराबाहेर तिचा नवरा सगीर दोनदा खोकला, आणि लाराईचा हात आपोआप पिठाच्या डब्याकडे गेला.

सगीरचंही बाजारात कापडाचंच दुकान होतं. घरातल्या गोष्टी बाहेर सांगणारं दुसरं कोण असणार? ज्या पोरीला सांगतो, तीच ही चांदणी. गटात बसून बायकोकडूनच बायकोच्या सवतीला संमती घेतली तिने.

लाराईने घाईघाईने गटात लिहिलं की आपला विचार बदललाय, पहिली बायको बिचारी गुणी आहे, व्यापाऱ्याने अल्लाला भिऊन राहावं. बायका हसल्या. झारियाच्या बिल्कीने तर फोनच केला. "काय गं, दुपारी सवत हवी होती, आता नको? तुझ्या घरी काही शिजतंय की काय?"

लाराईने फोन ठेवून दिला.

शनिवारी भीती दुप्पट झाली. चौदाव्या भागात व्यापारी रिकाम्या खोलीला हिरवा रंग लावायचं ठरवतो, आणि सगीर दुकानातून आला तो हिरव्या रंगाचा डबा घेऊनच. अंगणापलीकडची खोली त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः रंगवली. सोमवारी त्याने गोरोची, म्हणजे कोलाच्या तुरट बियांची, टोपली आणली. गोरो वाटतात कशाला, हे कानोत कुणाला सांगावं लागत नाही. लग्नाची बोलणी पक्की झाली की आधी गोरोच वाटतात. लाराईने टोपली उचलून पाहिली. चांगली जड होती.

नवऱ्याला विचारावं तर तेही धोक्याचं. कथेतल्या बायकोच्या शेजारणीने आपल्या नवऱ्याला असंच विचारलं होतं, आणि त्याच दिवशी तिची माहेरी रवानगी झाली होती.

मग लाराईने तोंड मिटून हात चालवायला सुरुवात केली. हातापायांवर मेंदी काढली, अंगणात धूप जाळला, सगीरला दुकानात गरम जेवण पाठवलं, संध्याकाळी त्याच्या पायांना तेल चोळलं. त्यामुळे सगीर घाबरला. बारा वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. दोन दिवस त्याने सगळं मुकाट्याने सोसलं आणि तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "तुझ्या माहेरचं कुणी आजारी आहे का?"

"नाही हो. तुम्ही खा ना," लाराई म्हणाली. तिचा आवाज इतका गोड होता की त्याने ताट अर्धंच संपवलं.

गुरुवारी दुपारी तिचा धीर सुटला. उद्या पंधरावा भाग येणार, आणि त्याच्याबरोबर सवतही. तिने चांदणीला खासगी निरोप लिहिला, "बहिणी, मी तुला ओळखलंय. तीन लेकरांची आई आहे मी. माझ्या घरात येऊ नकोस." पाठवलं, आणि अंगणातल्या कडुलिंबाखालून फोन टिणटिणला.

तिला तो योगायोग वाटला. तिने पुन्हा लिहिलं, "ऐकतेस ना?" कडुलिंबाखाली पुन्हा टिणटिण झाली.

तिथे चटईवर फक्त तिची सासू बसली होती. हाजिया दिवसभर कानात बोळे घालून फोनवर प्रवचनं ऐकते, असं सगळं घर समजून होतं. लाराई पाय ओढत तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. हाजियाने चष्म्यावरून पाहिलं.

"मी तुझ्या घरात येऊ नको, तर जाऊ कुठे?"

लाराई तिच्यासमोर चटईवर बसली. "हाजिया, तुम्ही चांदणी?"

"हळू बोल. माझ्या लेकाला कळलं तर बाजारभर करील." मग तिने सगळं सांगितलं. गटासाठी तिने वेगळा नंबर घेतला होता. हिरवी खोली तिनेच मागितली होती. उपासनेला शांतता हवी म्हणून लेकाला सांगितलं, खरं म्हणजे लिहायला दार लागणारी जागा हवी होती. गोरो शेजारच्या बाळाच्या बारशासाठी होते. आणि लेकाला एक बायको झेपत नाही, दोन कुठून झेपणार.

लाराईला इतकं हलकं वाटलं की ती हसायलाच लागली. हाजिया हसली नाही.

"नवव्या भागात त्या सासूला विहिरीत ढकला, असं कुणी लिहिलं होतं?"

लाराईचं हसू जागच्या जागी थिजलं. तीन महिन्यांत कथेतल्या सासूला आपण काय काय म्हटलंय, ते एकेक करून डोळ्यांपुढे येऊ लागलं. चेटकीण म्हटलं होतं. घुबड म्हटलं होतं. तिच्या बोलण्याची नक्कलसुद्धा आवाजात मुद्रित करून पाठवली होती.

"माफ करा, हाजिया. मला काय माहीत."

"एकशेबारा बायकांना ते आवडलं," हाजिया म्हणाली. "मला सुचलं नव्हतं." तिने आपली सुजलेली बोटं चोळली. "टाइप करून करून हात गेलेत माझे. ऊठ, ती खोली उघड. मी सांगते, तू लिही. आणि मध्ये तुझं काही घुसडलंस तर मला कळेल."

दुसऱ्या दिवशी सगीर नमाजाहून लवकर परतला. बायकोने करून ठेवलेला चहा ओतून घेतला आणि पेला हातात धरून आईची विचारपूस करायला हिरव्या खोलीपाशी गेला. दार बंद होतं. आत सासूसुना खालच्या आवाजात बोलत होत्या.

"दुसरं लग्न लावून देऊ त्याचं," त्याची आई म्हणत होती. "लोकांचा कौल आहे."

"लावू या की," लाराई म्हणाली. "पण मग त्याला संपवायचं. सरळ विष नको, हाजिया, लगेच कळतं. रोज चहातून थोडं थोडं."

"बरं सुचलं तुला. किती दिवस लागतील?"

"आठवडाभरात आटपेल."

सगीरने हातातल्या पेल्याकडे पाहिलं. एक घोट घेऊन झाला होता. त्याने पेला उंबऱ्याशी अलगद टेकवला, चपला हातात घेतल्या आणि न खोकता घराबाहेर पडला.