दुरुस्ती बेपत्ता

आमच्या इमारतीत गुप्तहेर एकच, आणि तो मी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा हरवलेला चष्मा मी त्यांच्याच कपाळावर रंगेहाथ पकडला, तेव्हापासून सगळे मला वचकून असतात. त्याआधी चौतीस वर्षं मी मराठी शिकवायचो, पण ते किरकोळ.

परवा दुपारी पुतणी लॅपटॉप घेऊन आली. मुलांना शुद्धलेखन शिकवणारा एक फुकट खेळ आहे. त्याचा कोड सर्वांना खुला. चूक दिसली तर कुणीही सुधारून पाठवावी. त्यात मुलांनी 'पाणी' बरोबर लिहिलं तरी भोपळा मिळे. पुतणीनं आठ दिवस खपून ते सुधारलं. नवी आवृत्ती त्याच संध्याकाळी सहाला शाळांत जाणार होती, आणि खेळ सांभाळणाऱ्या बाईंचा निरोप आला होता: तुमच्या शाखेत एक स्वल्पविराम तेवढा आहे, बाकी काही नाही.

"काका, सगळं गेलं," एवढंच ती म्हणाली.

मुलांनो, शाखा म्हणजे काय? मूळ वही खराब होऊ नये म्हणून तिची नक्कल काढायची, नकलेत हवी ती खाडाखोड करायची, आणि मनासारखं झालं की विनंती करायची, बाई, हे मूळ वहीत घ्या. हे पुतणीनं मला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा तिचा आवाज जरा चढला होता.

मी भिंग काढलं. पहिला संशय बाईंवर. त्यांनीच काम लांबवलं असणार! पण त्यांनी घेतलं असतं तर ते खेळात गेलं असतं, आणि आम्हाला तरी दुसरं काय हवं होतं? मग स्वल्पविराम. घटनास्थळी सापडलेला तो एकटाच. त्याच्याकडे मी बराच वेळ रोखून पाहिलं. तो थांबण्याच्याच स्वभावाचा. काही बोलला नाही. शेवटी मी म्हणालो, शाखेत नाही तर खोड तपासू. खोड कुणाची तपासायला हवी, याबद्दल पुतणी काहीतरी पुटपुटली. पावणेसहा झाले.

आमची ही चहा घेऊन आली आणि पडद्याकडे पाहू लागली.

"एका नावाच्या दोन कशाला गं?"

"एकच आहे," मी म्हणालो.

"एकीत रु पहिला आहे, एकीत दुसरा."

पाहतो तो काय, यादीत 'दुरुस्ती' आणि 'दुरूस्ती' एकीखाली एक. आठ दिवसांचं काम पहिलीत सुखरूप होतं. घाईत विनंती गेली होती दुसरीतून.

"ही दुसरी कुणी काढली?" हिनं विचारलं.

पुतणी माझ्याकडे पाहू लागली. पहिल्या दिवशी शाखेचं उद्घाटन माझ्या हस्ते झालं होतं. नाव मीच टाइप केलं होतं, आणि चालतंय का बघायला एक स्वल्पविरामही टाकला होता. दुसऱ्या दिवशी पुतणीनं आपली शाखा काढली, ती मात्र शुद्ध.

सहाला चार मिनिटं असताना नवी विनंती गेली. दोन मिनिटांत बाईंचं उत्तर आलं: घेतली. खाली आणखी एक ओळ होती. दुसरी शाखा घरातल्या लहान मुलानं काढलेली दिसते. रागावू नका, शिकेल हळूहळू.

पुतणी हसत हसत उत्तर लिहू लागली. मी तिचा हात धरला.

"वय सांगू नकोस," मी म्हणालो.