खवलीबाईची पेज आणि दाटपणा समिती

एका जंगलात पाणी होतं तोवर पाण्याबद्दल कुणाला मत नव्हतं, बाळांनो. पाणी आटलं आणि सगळ्यांना मतं फुटली.

त्या वर्षी ओढा चैत्रातच कोरडा पडला. मागे उरलं एक डबकं. नदी होती, पण सात कोस लांब आणि मधे दोन घाट. धडधाकट प्राणी म्हणाले, "अगदीच वेळ आली तर नदीवर जाऊ." भेकरिणीला ते जमणारं नव्हतं. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण. हिचा मागचा पाय लहानपणीच मोडला होता. ती फार तर समोरच्या आवळीपर्यंत जायची आणि धापा टाकत परत यायची. डबकं संपलं की तीही संपणार, हे तिला ठाऊक होतं. इतरांनाही ठाऊक होतं, पण ते नदीबद्दल बोलत राहिले.

तिची मैत्रीण होती खवलीबाई. खवल्या मांजर पाहिलंय का कुणी? नाही ना? कुणीच पाहिलेलं नसतं. अंगभर खवले, लांब नखं आणि तोंडात एकही दात नाही, त्यामुळे बोलणंही मोजकं. जमिनीत भोक पाडण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"खाली पाणी आहे. मी भोक पाडते," ती म्हणाली.

"किती खोल पाडणार?" सगळ्यांनी विचारलं.

"पाणी लागेल तितकं."

तिने पोकळ वेळू एकात एक बसवले, टोकाला रानडुकराचा पडलेला सुळा बांधला आणि शेपटीने वेळू फिरवायला लागली. वेळूच्या पोकळीतून पाणी खाली ओतायचं. ते बाहेरच्या बाजूने वर येताना दगडाचा भुगा घेऊन येणार, अशी युक्ती. प्रत्येकाने आपल्या वाटणीतलं अर्धं पाणी त्यासाठी दिलं. तेव्हा समिती नव्हती, म्हणून हे एका सकाळीच झालं.

पण पाणी पातळ आणि भुगा जड. भुगा अर्ध्या वाटेपर्यंत यायचा, दमायचा आणि परत खाली बसायचा. खवलीबाई मुंग्या खायला थांबली की वेळू तळाशी रुतायचा. तो उपसून काढण्यातच दिवस जायचा.

मग खवलीबाईने त्या पाण्यात रिठे कुटून घातले आणि वरून चिमूटभर मीठ टाकलं. पाणी पेजेसारखं घट्ट झालं. बोट बुडवून वर काढलं तर तार सुटायची.

हे कसं झालं, सांगू? त्या जंगलातल्या रिठ्याच्या प्रत्येक कणाला एक डोकं आणि एक शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला पाण्याचा तिटकारा. म्हणून सगळे कण शेपट्या आत लपवून आणि डोकी बाहेर काढून घोळक्याने राहतात. डोकी एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. चिमूटभर मीठ पडलं की त्यांची कुरबूर थांबते आणि घोळक्यांच्या लांबच लांब रांगा होतात. रांगा एकमेकींत गुंततात आणि पाण्याला सहज हलता येत नाही. तुमच्या घरच्या रिठ्यावर हे करून पाहू नका. जमणार नाही, आणि आई मला बोलेल.

पेज बरोबर जमली की नाही, हे खवलीबाई एकाच रीतीने बघायची. पेजेत वाळूचा एक खडा सोडायचा आणि आपल्या सात पिढ्यांची नावं सावकाश घ्यायची. सातवं नाव येईपर्यंत खडा तळाला टेकला नाही, तर पेज झाली. आता भुगा वर यायला लागला. काम थांबलं तरी तो पेजेत जिथल्या तिथे लटकून राहायचा. वर आलेली पेज ती रोवळीतून गाळून पुन्हा आत ओतायची. आठ दिवसांत भोक वीस हात खोल गेलं.

कामाची बातमी पसरली, आणि बाळांनो, इथेच घात झाला.

जंगलाचा राजा होता गवा. आडदांड, पण मनाने भला. त्याला वाचता येत नव्हतं, हे एक गुपित होतं. तो काम बघायला आला आणि सोबत आला मोर. मोर दोन वर्षं शहरातल्या बागेत राहून आला होता, त्यामुळे त्याला सगळ्यातलं सगळं कळायचं.

"खवलीबाई, हे घट्ट कशाने झालं?" मोराने विचारलं.

"रिठ्याने. आणि चिमूटभर मिठाने."

"चिमूटभर म्हणजे किती?"

"माझी चिमूट."

"महाराज," मोर गव्याकडे वळून म्हणाला, "एवढं महत्त्वाचं काम एका बाईच्या चिमटीवर चाललंय! समिती हवी."

गवा म्हणाला, "हवी तर हवी." तो सगळ्यालाच तसं म्हणायचा.

अशी दाटपणा समिती स्थापन झाली. अध्यक्ष मोर. निरीक्षक घोरपड, कारण ती एकदा चिकटली की सोडत नाही. सदस्य कोण, तर ज्यांना वाचता येतं ते. एकूण पाच निघाले.

पहिल्या बैठकीत सर्वांचे घसे कोरडे पडले. म्हणून डबक्यातलं निम्मं पाणी एका दगडी डोणीत भरून ठेवायचं ठरलं. डोणीपाशी पाटी लागली, 'फक्त समितीसाठी राखीव'. दुसऱ्या बैठकीत धोरण ठरलं, की जितकं दाट तितकं उत्तम. हे धोरण समितीने आधी स्वतःला लावून घेतलं. मोर पूर्वी 'हो' म्हणायचा, तो आता 'तत्त्वतः अनुकूलता दर्शवण्यास हरकत नसावी' म्हणायला लागला. तिसऱ्या बैठकीत मिठाचा विषय निघाला.

"चिमूटभर मिठाने एवढी दाट होते," मोर म्हणाला, "तर गोणीभर मिठाने किती होईल?"

"होणार नाही साहेब," खवलीबाई म्हणाली. "मीठ जास्त झालं की पेज फुटते."

"पुरावा काय?"

"एकदा आमच्या आजीच्या हातून झालं होतं."

"आजी समितीसमोर हजर राहू शकतील का?"

आजीला जाऊन वीस वर्षं झाली होती. तशी नोंद झाली आणि मिठाच्या खडकावरून तीन गोण्या आल्या.

पहिली गोणी थोडी थोडी ओतायला लागले तशी पेज आणखी घट्ट झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोणी रिकामी होता होता पेज सैल पडली. गर्दी फार झाली की रांग मोडते, हे आपल्याला काय नवीन आहे? घोरपडीने खडा सोडला. तो दुसऱ्याच नावाला तळाला गेला.

"पातळ झालं," घोरपड म्हणाली. "म्हणजे मीठ कमी पडलं."

दुसरी गोणी ओतली, मग तिसरी. पेजेचं साधं खारट पाणी झालं. वाटेत लटकलेला सगळा भुगा धाडकन खाली बसला आणि एकतीस हातांवर वेळू असा रुतला की गव्याने ओढला तरी हलेना. राजाने ओढून न हललेली ती जंगलातली पहिलीच वस्तू.

भेकरीण लंगडत पुढे आली. "महाराज, आता काय?"

गव्याने मोराकडे पाहिलं. मोराने आकाशाकडे पाहिलं.

"समिती नदीवर अभ्यासदौरा करेल," मोर म्हणाला. "नदी इतकी पातळ असूनही चांगली कशी वाहते, याचा अभ्यास झालाच पाहिजे."

अभ्यासाला सगळेच निघाले. राजा निघाला, समिती निघाली, हरणं, डुकरं, ससेसुद्धा निघाले. दुपारपर्यंत जंगल रिकामं झालं. मला राग येतो तो याचा, की जाताना एकानेही भेकरिणीकडे वळून पाहिलं नाही.

खवलीबाई तिथेच बसून होती.

"तू जा गं," भेकरीण म्हणाली. "तुझे पाय चांगले आहेत."

"माझं भोक अर्धं राहिलंय."

"भोकाचं मला सांगू नकोस."

"बरं, तुझ्यासाठी थांबलेय. झालं समाधान? चल, रिठे कुट."

भेकरीण खुरांनी रिठे कुटायला लागली. पण खारट पाण्याची पेज करायची, तर त्यात गोडं पाणी हवं. डबक्यात चिखलच उरला होता. मग दोघींना डोण दिसली. काठोकाठ भरलेली, सावलीत, गारेगार.

पाटी होती खरी, पण दोघींना वाचता येत नव्हतं.

भेकरिणीला तीन दिवसांत पोटभर पाणी मिळालं नव्हतं. तिने डोणीतून एकच घोट घेतला आणि बाजूला झाली. "उरलेलं भोकाला," ती म्हणाली. मला ही भेकरीण फार आवडते.

खवलीबाईने खारट पाणी बरंचसं उपसून टाकलं आणि उरलेल्यात डोणीतलं पाणी मिसळलं. भेकरिणीने कुटलेले रिठे घातले. मीठ होतंच. खडा सोडला, पण खवलीबाईचा घसा इतका सुकला होता की तोंडातून नाव फुटेना. म्हणून भेकरिणीने आपल्या घरची नावं घ्यायला सुरुवात केली. आई, आजी, पणजी. सहा नावं झाली आणि पुढचं आठवेना. खडा अजून लटकतच होता.

"सातवं?" खवलीबाईने कसंबसं विचारलं.

"खवली," भेकरीण म्हणाली.

पेज जमली होती. ती थेंबाथेंबाने वेळूतून खाली गेली, भुगा सैल झाला, हळूहळू वर यायला लागला. दुसऱ्या दिवशी वेळू हलला. पाचव्या दिवशी चाळिसाव्या हातावर आतून गुडगुड आवाज आला, आणि आधी पेज, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ पाणी वर आलं. वाहत वाहत ते डबक्यात साचायला लागलं.

भेकरीण बराच वेळ पीत राहिली. खवलीबाई तिच्याकडे बघत राहिली.

"कसं आहे?"

"पातळ," भेकरीण म्हणाली आणि पुन्हा तोंड घातलं.

आठव्या दिवशी समिती परतली, मागोमाग बाकीचे सगळेही आले. अहवाल तयार होता आणि तो खरोखर दाट होता. पाणी लागलेलं पाहून मोराने त्यात एकच ओळ वाढवली, 'मिठाचा परिणाम अपेक्षेप्रमाणे सावकाश झाला.' डोणीतलं पाणी विनापरवाना वापरल्याबद्दल खवलीबाईला लेखी खुलासा मागणारा कागदही दिला. तिने तो वारुळाच्या तोंडाशी पसरला. मुंग्या त्यावर गोळा झाल्या की टिपायला बऱ्या पडतात.

मग घोरपड नव्या पाण्याची तपासणी करायला गेली. धोरण ते धोरण. तिने पाण्यात खडा सोडला आणि नावं घ्यायला तोंड उघडलं. पहिलं नाव पुरं व्हायच्या आत खडा तळाला.

"नापास," घोरपड म्हणाली.

समितीची तातडीची बैठक झाली आणि डबक्याच्या काठावर मोठी पाटी लागली, 'हे पाणी पातळ असल्याने पिण्यास अयोग्य. हुकुमावरून.'

जंगलात पाटी वाचता येणारे पाचच जण. बाकीचे सगळे सरळ डबक्यावर गेले आणि पोटभर पाणी प्यायले. गवाराजाने पाटीसमोर उभं राहून दोनदा गंभीरपणे मान हलवली आणि मग तोही प्यायला.

समिती मात्र अजून रोज सकाळी निघते, दोन घाट उतरते आणि सात कोसांवर जाऊन नदीचं पाणी पिते. ते पाणीही तितकंच पातळ आहे, पण तिथे पाटी लावायचं अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

तात्पर्य : अति तिथे माती, हे आपण सगळेच शिकलो आहोत. ती माती पुन्हा वर काढायची असेल, तर आधी समितीला दौऱ्यावर पाठवावं. दौरा लांबचा असावा.