राणीचे दोन पक्ष आणि आमचा माळा

माळा कोसळला तेव्हा मी खाली भाकरी थापत होते. आधी फळी मोडली, मग माती पडली, मग इंग्लंडचं सगळं मंत्रिमंडळ पिठाच्या परातीत.

आमचे हे धावत आले आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यापाशी बसले.

"राणीले लागलं काय व?"

"बायकोले लागलं!" मी ओरडले. खांदा सोलून निघाला होता.

हे अकोल्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. लोक रिटायर होऊन देवाला जातात, हे रद्दीवाल्याकडे गेले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली इंग्रजी वर्तमानपत्रं जमवायची, तीही राजकारणाच्या चित्रांची. एका मंत्र्याला कोंबड्याचे पाय, दुसऱ्याला बेडकाचं पोट. मी चौथी शिकले. पण मेलेल्या मंत्र्यांवर हसण्यासाठी घर का भरावं, हे मला मॅट्रिक होऊनही कळलं नसतं.

अमरावतीला असाच दुसरा येडा होता, बाबाराव. हे इंग्लंडातल्या उदार पक्षाचे, ते हुजूर पक्षाचे. आपापल्या पक्षाची पत्रं जमवायची आणि दीडशे वर्षांपूर्वी पडलेल्या सरकारवरून एसटी स्टँडवर भांडायचं.

"तुह्या बेडकानं देश बुडवला, लेका!"

"अन् तुह्या कोंबड्यानं काय तारला बे?"

लोक यांना आवरायला यायचे. शेवटी एका चित्रावरून बोलणंच तुटलं. व्याही रुसावे तसे रुसले दोघं.

मागच्या महिन्यात बाबाराव वारले. त्यांचा मुलगा सगळे गठ्ठे जीपमध्ये घालून घेऊन आला. "रद्दीत द्याले जीव नाई झाला, काका." यांनी मला न विचारता ते माळ्यावर चढवले. एका पक्षाखाली वाकलेला माळा, दोन पक्ष कसा पेलणार?

मी सरळ रद्दीवाल्याला बोलावलं. "आज या घरातून ही रद्दी जाईन, नाई तं मी जाईन."

हे भांडतील असं वाटलं होतं. पण ज्या गठ्ठ्यांना मला कधी हात लावू दिला नाही, ते यांनी स्वतः दारात नेऊन ठेवले. मी बाबारावांचा गठ्ठा उचलला, तर माझा हात धरला.

"तो नाई व."

"तो तं तुमच्या दुश्मनाचा!"

"त्याले उत्तर द्याचं राह्यलं माहं."

रद्दीवाला उदार पक्ष घेऊन गेला. हे जमिनीवर बसून हुजूर पक्षाची माती झटकत होते. एक पान समोर धरलं आणि म्हणाले, "बोल न बे आता."

मी खांद्याला हळद लावली.

बाबाराव गेले. हे आहेत. माळा काय, पुन्हा बांधता येईल.