पुरं तिकीट

अभिमन आबांचं पोट दुखायला लागलं, तेव्हा त्यांनी नेहमीसारखं बायकोलाच अमळनेरला पाठवायचं ठरवलं.

"तुमनं पोट दुखस आनि तपासाले मी जाऊ?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"कसं दुखस ते डॉक्टरले सांगी दे, गोया लई ये. तुले अर्धं तिकीट शे."

आबांच्या घरातली बाई कधी बाजाराला जात नव्हती आणि त्याचा आबांना मोठा तोरा होता. सुलक्षणाबाईंनी अमळनेर पाहिलं होतं ते बाळंतपणापुरतं. मग सरकारने एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं. त्याच सुमारास आबांना ठिबकच्या तोट्या आणायच्या होत्या. आबा बराच वेळ ओट्यावर घुटमळले आणि शेवटी म्हणाले, "या बारी तूच जाय."

चौकात उखर्डूभाऊंनी भुवया चढवल्या. आबांनी त्यांना तिकिटाचा हिशेब समजावून सांगितला. पुढच्या आठवड्यात उखर्डूभाऊंची बायकोही एसटीत दिसली, आणि मग अमळनेरच्या गाडीत गावातला पुरुष दिसेनासा झाला.

आबांचे सदरे जुन्या सदऱ्याच्या मापाने शिवून येऊ लागले. चष्माही त्यांच्याविनाच दुरुस्त होऊन आला. राहिली होती ती फक्त केसांची कटिंग.

या वेळी दवाखान्यात सुलक्षणाबाईंनी पोट धरून, आबांसारखंच कण्हून दाखवलं. डॉक्टरांनी त्यांनाच टेबलावर झोपायला सांगितलं.

"मनं नही, त्यासनं दुखस," बाई घाईने म्हणाल्या.

"मग ते कुठे आहेत?"

"घर. त्यासले पुरं तिकीट पडस."

डॉक्टरांनी हात जोडले. "आजी, पेशंट आणा."

दुसऱ्या दिवशी आबा निघाले. गर्दीत कंडक्टरने काही न विचारता त्यांचं पुरं तिकीट फाडलं, तेव्हा पोटातली कळ थेट छातीत गेली. सगळ्या सीटांवर बायका होत्या. सुलक्षणाबाईंना तिघींनी जागा दिली. आबा दांडा धरून उभे राहिले.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "काल काय जेवलात?"

"भरीत."

"किती?"

आबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे. डॉक्टरांनी काय ते ओळखलं आणि पाचक लिहून दिलं.

बाहेर पडल्यावर आबा सवयीने पुढे चालू लागले, पण पहिल्याच चौकात कुठे वळायचं ते त्यांना कळेना. इतक्या दिवसांत दुकानं बदलली होती. मग सुलक्षणाबाई पुढे झाल्या. तोट्यांचा दुकानदार त्यांना "ताई" म्हणाला आणि आबांकडे बघून त्याने विचारलं, "हे कोण?"

स्टँडजवळ आबांचे सदरे शिवणाऱ्या हमीदांचं शिलाईचं दुकान होतं. त्यांनी मशीन थांबवलं. "या भाभी! आज भाऊंना पण आणलंत?" त्यांनी स्टूल पुढे केलं, चहा मागवला. हमीदांनी सुनेच्या स्कूटीचा काहीतरी किस्सा सांगितला आणि सुलक्षणाबाई हसल्या. पदर तोंडाशी न नेता, मान मागे टाकून, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आबांचा कप हातातच राहिला. इतकी वर्षं एका घरात राहून हे हसू त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

परतीच्या गाडीत दोघांना शेजारी जागा मिळाली. कंडक्टर आला.

"आजींचं अर्धं. आबा, तुमचं वय किती? पासष्ट झाली असतील, तर कार्ड दाखवा. तुम्हालाही अर्धंच."

हे आबांना नवीनच होतं. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थबकला. दोघांनाही अर्धं म्हटल्यावर बायकोला कशासाठी पाठवता, असं उखर्डू भर चौकात विचारणार. तिला तिथे बरं वाटतं, हे काय चौकात सांगायचं?

"चौसष्ट," आबा म्हणाले.

"नक्की?"

"मनं वय माले ठाऊक नही का? पुरं फाड!"

अखाजीच्या सणाला जावई आले होते, तेव्हा पासष्टी ओलांडल्याचं आबांनी स्वतःच सगळ्या घराला बजावलं होतं. सुलक्षणाबाई खिडकीबाहेर कपाशीकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "मंग पुढल्या आठवडाले बी मालेच येनं पडी?"

"काय करस मंग?" आबा कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "माले परवडस का?"