ई-वन म्हणजे काय?

मशीन तीनदा टुंई-टुंई करून ओरडलं आणि त्याच्या पाटीवर ‘ई-वन’ अशी लाल अक्षरं उमटली.

श्रेयाने आधी तिकडे लक्षच दिलं नाही. ती पुण्याहून चार दिवसांसाठी पडेगावला आईकडे आली होती आणि या चार दिवसांत घर ताळ्यावर आणायचं, असं तिने ठरवलं होतं. वडिलांना, आप्पासाहेबांना, जाऊन तीन महिने झाले होते. तेव्हापासून मशीन कुणी लावलं नव्हतं. आई, मनकर्णाबाई, आपली दोन लुगडी हातानेच पिळून टाकायच्या. आज त्या सकाळीच जीपने वेरूळला दर्शनाला गेल्या, आणि श्रेयाने चादरी, पडदे, दारामागच्या खुंटीवरचा ढीग, जे कवेत मावलं ते मशीनमध्ये कोंबलं.

टुंई-टुंई थांबेना म्हणून ती उठली, तेव्हा तिची नजर दारामागे गेली. खुंटी रिकामी होती.

त्या खुंटीवर आप्पांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट असायचा. दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनीच तो टांगला होता. त्याला बामाचा आणि कातरलेल्या सुपारीचा वास होता, आणि मनकर्णाबाईंनी त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. कालच जेवताना श्रेयाने त्यावरून व्याख्यान दिलं होतं. “आई, असं धरून बसू नये. धुऊन देऊन टाक कुणाला तरी.” ताटातली भाकरी मनकर्णाबाईंनी जरा जास्तच बारीक कुस्करली होती.

श्रेयाने मशीनच्या काचेला डोळा लावला. चादरींच्या वेटोळ्यातून निळी बाही दिसत होती. तिने दार ओढलं. दार उघडेना. बटण बंद केलं, ओढलं, चालू केलं, ओढलं. असं आठ वेळा झालं. दर वेळी मशीनने ‘ई-वन’ एवढंच उत्तर दिलं.

ई-वन म्हणजे काय, हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असणार. पुस्तिका आप्पांच्या कपाटात असणार. आणि कपाटाची किल्ली कुठे असते, हे फक्त आप्पांना माहीत होतं.

तिने कंपनीला फोन लावला.

“मॅडम, मशीन कपडे धूत नाही का?”

“धूत असेल तर थांबवायचंय.”

“म्हणजे आपल्याला कपडे धुवायचे नाहीत?”

“एक शर्ट नाही धुवायचा.”

“आमचा माणूस उद्या दहा ते सहाच्या दरम्यान येईल.”

तेवढ्यात आईचा फोन आला. “दौलताबादला थांबलोय बघ. सीताफळं लई भारी आलीत. घेऊ का?”

“घे ना. निवडून घे, आई. अगदी सावकाश.”

आवाज ऐकून शेजारच्या शहजादीभाभी कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावल्या. “क्या हुआ गे बेटा? सकाळपासून मशीन बोंबलायलंय.” आणि उत्तराची वाट न बघता त्या बादली घेऊनच आल्या. “आमच्या मशीनचं बी असंच व्हायचं. साबणाच्या खणातून वरून पाणी ओत, लगेच धुवायला लागतंय.”

“भाभी, नको!” श्रेया मशीनसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. “मला ते धुवायचंच नाहीये.”

शहजादीभाभींनी बादली खाली ठेवली, श्रेयाकडे नीट पाहिलं आणि भावाला फोन लावला. “सरफराज, जल्दी आ. मशीन का तो ठीक है, पोरगी लई घाबरलीय.”

फ्रिज-मशीन दुरुस्त करणारा सरफराज दहा मिनिटांत आला. त्याने पाटीकडे एकदाच पाहिलं. “ई-वन म्हणजे पाणीच आलं नाही आत.”

“म्हणजे आतले कपडे?”

“कोरडे ठक्क. पाणी वरच कुठंतरी अडकलंय.” आणि तो तिला काही बोलायची सवड न देता गच्चीवर गेला. थोड्या वेळाने वरून त्याचा आनंदी आवाज आला. “मॅडम, सापडलं! टाकीजवळची तोटी बंद आहे. आप्पांची चिठ्ठी पण आहे, सुतळीनं बांधलेली. ‘पाण्याच्या दिवशीच उघडणे. काम होताच बंद करणे.’ खोलू का?”

“नको!”

“खोलली!”

पाइप खरखरला. श्रेयाने झेप घेऊन मशीनची वायर प्लगसकट उपटली.

सरफराज खाली आला तेव्हा ती प्लग छातीशी धरून उभी होती. “बंद केल्यावर दोन मिनिटं थांबायचं असतं, मॅडम. मग दार आपोआप सुटतं.” आठ वेळांत ती एकदाही दोन मिनिटं थांबली नव्हती. आता थांबली. दाराने टक् केलं. शर्ट कोरडा होता. तिने तो नाकाशी नेला, आणि शहजादीभाभी सरफराजला घेऊन मुकाट बाहेर पडल्या.

मनकर्णाबाई आल्या तेव्हा शर्ट खुंटीवर होता. त्यांनी सीताफळांची पिशवी ठेवली, पाय धुतले आणि सरळ दारामागे गेल्या.

“मशीन लावलंस व्हय? बरं झालं. जीपमधी बसल्या बसल्या इचार केला. तू काल बोललीस ते खरंय. किती दिवस ठेवायचा?” त्यांनी स्वतःच शर्ट काढला आणि लेकीपुढे धरला. “टाक त्यात.”

श्रेयाने शर्ट हातात घेतला. थोडा वेळ तसाच धरला.

“मशीन बंद आहे, आई. ई-वन येतंय.”

“म्हंजी काय?”

“पाण्याच्या दिवशीच लावायचं असतं ते.”

“पाणी तर परवा येणार.”

“मग परवा बघू.”

मनकर्णाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि सीताफळं निवडायला बसल्या. परवा सकाळीच लेकीची पुण्याची गाडी होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. श्रेयाने शर्ट खुंटीला लावला, कॉलर सारखी केली, आणि वाळलेले कपडे घेऊन येते, म्हणून गच्चीवर गेली.

गच्चीवर काहीच वाळत घातलेलं नव्हतं. तिने चिठ्ठी एकदा वाचली, सुतळीची सुटत आलेली गाठ पक्की केली आणि तोटी बंद केली.