शिंपल्यांची टिचकी-तपासणी

मानवजातीची सगळी प्रगती शेवटी घास तोंडात जाण्यावर अवलंबून आहे, आणि घास तोंडात जाणं हे तोंड उघडण्यावर. यातला पहिला भाग विद्वानांना ठाऊक असतो. दुसरा फक्त आयांना.

गोटीच्या आईला तो जरा जास्तच ठाऊक होता. गोटी अडीच वर्षांची. हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. पण जेवणाच्या खुर्चीत बसवलं, की ती ज्या तऱ्हेनं गोल, गुळगुळीत आणि सर्व बाजूंनी बंद होत असे, ते पाहून आजीनं ते ठेवलं होतं आणि कोणी हरकत घेतली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी गोटीचं रक्त तपासून सांगितलं, की हिमोग्लोबिन नऊ आहे, निदान अकरा तरी हवं. महिनाभर लोह पोटात जाऊ द्या, पुन्हा पाहू. नाहीच वाढलं तर मग आणखी तपासण्या, आणखी सुया. (लोहाचे थेंब त्याच दिवशी सुरू झाले. बहुतेक स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेले. भिंतीची प्रकृती उत्तम आहे.)

आई संख्याशास्त्राची पदवीधर होती. असा माणूस घाबरला की रडत नाही, तक्ता करतो. दोन दिवसांत तिनं एकतीस खाद्यपदार्थांचा तक्ता केला आणि पहिल्या क्रमांकावर शिंपल्या आल्या. लोह, जस्त, आयोडीन, बी-बारा आणि सेलेनियम. सेलेनियम शरीरात जाऊन नेमकं काय करतं, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे त्याच्याबद्दल सर्वांना फार आदर वाटू लागला. बाबा तर जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगू लागले, "सेलेनियम सुरू केलंय आम्ही."

डॉक्टरीणबाईंना फोन झाला. "द्या की," त्या म्हणाल्या. "नीट शिजवून, बारीक करून, आधी अगदी थोडंसं."

बाजारातल्या मासेवालीनं तर सगळं शास्त्र एका दमात सांगून टाकलं. "ताई, मिठाच्या पाण्यात ठेवा, वाळू सोडतील. उघडी दिसली की टिचकी मारायची. मिटली तर जिवंत. नाही मिटली, टाकून द्या. आणि शिजल्यावर उघडली नाही, तीही टाका. एवढंच."

या एवढंचची घरी चार पानांची नियमावली झाली. बाबा लिफ्ट तपासणारे इन्स्पेक्टर, त्यामुळे दाखल्याशिवाय वर-खाली काही जाऊ नये असं त्यांचं स्वच्छ मत होतं. नियमावलीतले काही भाग इथे द्यायलाच हवेत, कारण ते चांगले आहेत.

कलम २: शिंपल्यांना मिठाच्या पाण्यात बसवावे व बसल्याची वेळ लिहावी. ("बसा गं बायांनो निवांत," असं आजी पातेल्यात वाकून म्हणाली. हे नियमात नव्हतं.)

कलम ४: तोंड उघडे असलेल्या प्रत्येक शिंपलीस चमच्याने टिचकी मारावी. मिटल्यास पात्र. न मिटल्यास ओट्याखालच्या निळ्या बादलीत.

कलम ५: वाफ दिल्यावर तोंड उघडल्यास पात्र. न उघडल्यास निळ्या बादलीत.

(म्हणजे शिजण्याआधी मिटता आलं पाहिजे आणि शिजल्यावर उघडता आलं पाहिजे. बाबांना हे वाचून आपल्या कचेरीची आठवण झाली.)

कलम ७: प्रथम चाचणी घरातल्या धडधाकट प्रौढावर करावी.

धडधाकट प्रौढांत बाबा निवडून आले. त्यांना सहा शिंपल्या खायला घालून खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि दर दहा मिनिटांनी विचारलं, "खाजतंय का?" पाच वेळा नाही म्हणाले. सहाव्या वेळी त्यांना खाजलं. हा दोष शिंपलीचा नसून प्रश्नाचा असल्याची नोंद झाली आणि प्रकल्पाला मंजुरी मिळाली.

टिचकीचं काम गोटीकडे आलं, कारण तिला ओट्यावर बसवून हातात काहीतरी दिल्याशिवाय आईला काही करताच येत नसे. पण सांगायलाच हवं, की असा तपासनीस कोणत्याही खात्याला मिळालेला नाही. गोटी चमचा उचलायची, शिंपलीवर टक् करायची आणि वाकून बघत राहायची. मिटली की, "चांगली!" नाही मिटली की आणखी एकदा टक्, कारण ती न्यायी होती. मग, "खराब. टाकून दे." तिची एकही चूक निघाली नाही. तिनं ना ओळख पाहिली, ना आकार.

पहिल्या दोन रविवारांची आकडेवारी अशी. शिजवलेल्या शिंपल्या एकशे चोवीस. बाबांनी खाल्ल्या चौसष्ट. आजीनं एकोणचाळीस. आईनं, फक्त चव बघताना, वीस. गोटीनं एक, तीही जांभई देताना बेसावध सापडल्यामुळे, आणि त्यातली बरीचशी परत केली. परिणाम मात्र थक्क करणारे होते. बाबांचे गाल वर आले. आजी लिफ्ट सोडून जिन्यानं जाऊ लागली आणि वर पोचून इतरांची वाट बघू लागली. ज्या एका व्यक्तीसाठी हे चाललं होतं, ती सोडून घरातल्या प्रत्येकाचं रक्त लालभडक झालं.

आईनं तक्त्यात हे सगळं भरलं आणि गोटीच्या रकान्यावर पेन्सिल टेकवून बसून राहिली. रोज अंघोळ घालताना ती गोटीच्या खालच्या पापण्या ओढून आत बघायची. कालच्यापेक्षा फिकट आहेत का? की आज उजेडच कमी आहे? तपासणीला चौदा दिवस उरले होते.

तिसऱ्या रविवारी भर दुपारी पुन्हा सर्व मंडळी जमली. इथे एक शास्त्रीय बाब नमूद करायला हवी. मुलाला भरवणारा मोठा माणूस स्वतःचं तोंड उघडतो. का, ते कोणी सांगू शकत नाही. आईनं चमचा पुढे केला, "आ कर, आ..." आणि स्वतः आ केला. तिच्यामागे आजीनं आ केला. आजीमागे हातात नोंदवही घेऊन बाबांनी. तीन तोंडं सताड उघडी, आणि ज्या एका तोंडासाठी ही उघडली होती, ते बंद.

"आ कर गं सोन्या. यात लोह आहे ना, ते रक्तात जातं, मग तू धावशील, उड्या मारशील, आणि जस्त आहे, जस्तानं काय होतं माहितीये का, जस्तानं..."

गोटीनं आपला चमचा उचलला आणि आईच्या हनुवटीवर मारला. टक्.

"असं नाही मारायचं. जस्तानं ना, भूक लागते, आणि आयोडीन..."

टक्. गोटी वाकून बघत राहिली. दोन संधी झाल्या होत्या. तिनं आजीकडे मान वळवली आणि जड अंतःकरणानं अहवाल दिला.

"आई खराब. टाकून दे."

"अगं बाई!" आजी म्हणाली. "टाकून कशी द्यायची? बाबांनी आणलीय ना ती?"

"मिटत नाई."

"ते खरंय हो," आजी म्हणाली. "सोळा दिवस बघतेय मी."

आईच्या मनात उत्तरं होती. ती तक्त्यातल्या पान क्रमांकांसकट होती. आपण हे कोणासाठी करतोय, रात्रंदिवस कोणाच्या पापण्या बघतोय, हेही होतं. पण समोर अडीच वर्षांचं एक माणूस चमचा धरून अत्यंत प्रामाणिकपणे वाट बघत होतं. आईनं तोंड मिटलं.

तिसरी टक्. मिटलेलंच.

"चांगली!" गोटी म्हणाली. तिचा चेहरा उजळला. आणि काम संपल्यावर कोणीही करतं तेच तिनं केलं: जेवायला तोंड उघडलं.

आईनं घास घातला. काही बोलली नाही. डोळे भरून आले, तेही तिनं तोंड न उघडता भरू दिले. दुसरा घास. तिसरा. बाबा "वा..." म्हणायला गेले, तेवढ्यात आजीनं त्यांच्या हनुवटीवर पळी मारली. अकरा शिंपल्या गेल्या. संध्याकाळी त्याच रीतीनं लोहाचे थेंबही गेले, आणि भिंतीला पहिल्यांदाच काही मिळालं नाही.

नियमावलीत कलम ९ दाखल झालं: एका घरात एका वेळी ठरावीकच तोंडं उघडी राहू शकतात, लहान उघडायचं असल्यास मोठी मिटावीत. याचा पुरावा म्हणून आईकडे चौदा दिवसांचा आलेख आहे. तिचं बोलणं जसजसं खाली येतं, तसतशा गोटीच्या शिंपल्या वर चढतात. दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात तिथे बाबांनी "सुस्थितीत" असा शिक्का मारला आहे.

तपासणीच्या दिवशी हिमोग्लोबिन दहा दशांश तीन निघालं. "छान चढतंय! सुया नकोत आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काय केलंत एवढं?"

आईच्या पिशवीत सगळे कागद होते. तिनं सांगायला तोंड उघडलं, तर मांडीवर बसलेल्या गोटीचा चमचा हवेत. आईनं ते मिटलं.

डॉक्टरीणबाईंनी मग टॉर्च घेतला. "बरं, घसा बघू दे हं. आ कर बघू, आ..." आणि त्यांचं स्वतःचं तोंड, इतक्या वर्षांच्या शिक्षणानंतरही, सताड उघडलं. गोटी पुढे वाकली. टक्.

डॉक्टरीणबाईंचा निकाल गोपनीय आहे. पण वर जिथे जिथे आ आला, तिथे तिथे आपलंही तोंड थोडं उघडलं असणार. नाही म्हणू नये, सगळ्यांचं उघडतं. तेव्हा आता हनुवटीवर हलकेच एक टिचकी मारून बघावी. मिटलं तर उत्तम. नाही मिटलं, तर आणखी एक संधी आहे. तेव्हाही नाही मिटलं, तर निळी बादली ओट्याखाली आहे. गोटी जेवतेय, आपलं आपण जावं लागेल.